पस्तीस प्रश्न, त्यात बदलाचे तीनच : एचएसईच्या ताण-प्रश्नावलीचं परीक्षण

शुक्रवारी संध्याकाळी सहाला ‘रीऑर्ग’, म्हणजे फेररचना, असा विषय असलेला मेल येतो. सोमवारी सकाळी टीममधले बाराजण टीम लीडच्या तोंडाकडे बघतात, आणि टीम लीडला त्यांच्याइतकंच माहीत असतं. मधल्या फळीची ही जुनीच गोची. वरचा निरोप खाली द्यायचा, खालची कुरकुर वर पोचवायची आणि डिलिव्हरीची तारीख मात्र जागची हलू द्यायची नाही. अशा वेळी कंपनीकडून मदत म्हणून सहसा तासाभराचा ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’ वेबिनार आणि प्राणायामाची लिंक येते. प्राणायामाशी कुणाचं वैर नाही. पण दोन क्लायंटच्या डेडलाइन एकाच दिवशी येत असतील तर दीर्घ श्वास घेऊन त्या वेगळ्या होत नाहीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

त्यामुळे ब्रिटनच्या एका सरकारी संस्थेने बनवलेल्या साध्यासुध्या प्रश्नावलीकडे टीम चालवणाऱ्यांनी बघायला हवं. हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे एचएसई, ही तिथली कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारी यंत्रणा. कारखान्यातलं यंत्र, मचाण, रसायन यांच्यासारखाच कामाचा ताण हाही एक धोका आहे, तो ओळखता येतो आणि मुळाशी कमी करता येतो, ही भूमिका घेऊन तिने २००४ मध्ये ‘मॅनेजमेंट स्टँडर्ड्स’ आणले. त्यांच्या जोडीला ३५ प्रश्नांची ‘इंडिकेटर टूल’ नावाची प्रश्नावली, उत्तरांची बेरीज करणारी एक्सेल शीट आणि छोट्या टीमसाठी ‘टॉकिंग टूलकिट’ हा संवादाच्या कागदांचा संच आहे. प्रश्नावली एचएसईच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येते.

निकाल आधीच सांगायचा तर पाचपैकी साडेतीन. नेहमीच्या दिवसांत चार दिले असते. अर्धा गुण कापला तो अनिश्चित काळासाठी, कारण नेमक्या त्याच काळात ही प्रश्नावली सगळ्यात तोकडी पडते. तरीही ती वापरावी, फक्त तिच्या दोन-तीन फटी आपल्या हाताने बुजवून.

आत काय आहे

३५ प्रश्न सहा विषयांत विभागले आहेत: कामाच्या मागण्या, कामावरची मुभा, आधार, नातेसंबंध, भूमिका आणि बदल. आधाराचे दोन भाग पडतात, मॅनेजरचा आणि सहकाऱ्यांचा, म्हणून गुण सात ठिकाणी निघतात. वाटणी अशी: मागण्यांचे ८, मुभेचे ६, मॅनेजरच्या आधाराचे ५, सहकाऱ्यांच्या आधाराचे ४, नातेसंबंधांचे ४, भूमिकेचे ५ आणि बदलाचे ३. पहिल्या २३ प्रश्नांना ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’ अशी पाच उत्तरं आहेत. २४ ते ३५ ला ‘अजिबात सहमत नाही’ ते ‘पूर्ण सहमत’ अशी. प्रश्न विषयवार लावलेले नाहीत, मुद्दाम मिसळलेले आहेत. ते तसेच राहू द्या. विषयवार लावले की लोक पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या सातांना चिकटवत जातात.

एक गोष्ट लक्षात घ्यायची. यातला एकही प्रश्न ‘तुम्हाला झोप लागते का’, ‘रडू येतं का’ असा नाही. सगळे प्रश्न कामाबद्दल आहेत, माणसाच्या मनाच्या घडणीबद्दल नाहीत. आपल्याकडे ‘टेन्शन घेऊ नकोस’ असं म्हणताना टेन्शन हे घेणाऱ्याचंच खातं धरलं जातं. ही प्रश्नावली ते खातं कामाच्या नावावर फिरवते, आणि टीम लीडच्या हातात जे आहे तेही काम. कुणाचा स्वभाव नव्हे.

मागण्यांचे आठ प्रश्न सगळ्यात उपयोगी, पण ते एकत्र वाचले तर फसगत होते. नववा प्रश्न विचारतो, खूप झटून काम करावं लागतं का. सहावा आणि बाविसावा विचारतात, अशक्य डेडलाइन आणि अवास्तव वेळेचा दबाव असतो का. नवव्याला ‘नेहमी’ आणि सहाव्या-बाविसाव्याला ‘क्वचित’ असं उत्तर असेल तर तो हंगाम आहे: रिलीज, मार्च अखेर, ऑडिट. लोक दमलेत, पण काम आवाक्यात आहे. सहावा आणि बाविसावाही वर गेले असतील तर चूक कामाच्या अंदाजात आहे. माणसं मोजून तारीख दिली गेली नाही, तारीख देऊन माणसं मोजली गेली. पहिल्या परिस्थितीत दोन दिवस कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, दिला की भागतं. दुसरीत कॉम्प-ऑफ दिला तर उरलेल्यांचं काम आणखी वाढतं.

तिसऱ्या प्रश्नावर वेगळी खूण करून ठेवा: वेगवेगळ्या गटांच्या मागण्या एकमेकींशी जुळवणं कठीण जातं का? नोकरभरती गोठली की हा आकडा लवकर बिघडतो. गेलेल्या माणसाची जागा भरली जात नाही, त्याचं काम तिघांत वाटलं जातं आणि प्रत्येकाला नकळत दोन-दोन साहेब होतात. यावरचा उपाय प्रश्नावलीत नाही, पण तिच्यामुळे सुचतो. सगळ्या मागण्यांची एकच यादी, तिचा क्रम लावणारा एकच माणूस, आणि यादीच्या तळाशी ‘या महिन्यात आपण हे करणार नाही’ अशा शीर्षकाखाली निदान दोन ओळी. त्या दोन ओळींवर वरिष्ठांची मेलवर संमती घ्यायची. तोंडी संमती पुढच्या आढाव्यापर्यंत टिकत नाही.

मुभेचे सहा प्रश्न वाचताना आपला धंदा कोणता हे विसरू नये. ब्रेक कधी घ्यायचा ते मी ठरवतो का (दुसरा) आणि वेळ लवचिक असते का (तिसावा), या दोन्हींत कॉल सेंटर, चाकणच्या असेंब्ली लाइनवरची शिफ्ट किंवा रुग्णालयातला वॉर्ड कायम मागेच राहणार. तिथे या दोन आकड्यांशी झुंजण्यात अर्थ नाही. पंधरावा आणि पंचविसावा बघा, म्हणजे काम कसं करायचं यात माझं काही चालतं का. संकटात टीम लीडच्या हातून सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. वरून दबाव आला की दिवसातून एकदाचं स्टेटस तीनदा होतं, प्रत्येक मेलला सीसी वाढतात, दोन ओळींच्या बदलालाही परवानगी लागते. मागण्या वाढत असतानाच मुभा आकसते. मागणी जास्त आणि मुभा कमी ही जोडी माणसाला सगळ्यात जास्त पोखरते, असं कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं. एचएसईच्या रचनेतही मागण्या आणि मुभा हे दोन वेगळे विषय आहेत, आणि ते शेजारी ठेवूनच वाचायचे. मागण्या कमी करणं तुमच्या हातात नसेल तर मुभा वाढवणं बहुतेक वेळा असतं: स्टेटस पुन्हा एकदाच, कोणतं काम सकाळी आणि कोणतं दुपारी ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि ठरावीक मर्यादेखालच्या निर्णयांना परवानगीची गरज नाही.

आधाराच्या नऊ प्रश्नांपैकी पाच थेट टीम लीडची परीक्षा घेतात. कामात अडचण आली तर मॅनेजरवर विसंबता येतं का, मनाला लागलेली गोष्ट त्याच्याशी बोलता येते का, वगैरे. म्हणून निकालाची शीट टीम लीडने एकट्याने, पहिल्यांदा, रात्री अकराला उघडू नये. २९व्या, म्हणजे मॅनेजरशी बोलता येण्याच्या, प्रश्नाचा कमी आकडा बघून दुसऱ्या दिवशी ‘माझं दार नेहमी उघडं आहे’ अशी घोषणा करणारे बरेच असतात. दार उघडंच होतं. आत येणाऱ्याचं पुढे काय होतं ते लोकांनी पाहिलेलं असतं.

नातेसंबंधांच्या चार प्रश्नांत पाचवा आणि एकविसावा हे टोचून बोलणं आणि दादागिरीबद्दल आहेत. इथे ‘कधीकधी’ म्हणणारा एक जरी निघाला तरी टीमच्या बैठकीत ‘कोण आहे ते?’ असं विचारू नका. ते एचआरकडे, लेखी, वेगळ्या वाटेने. लैंगिक छळाबद्दल काही समोर आलं तर २०१३ च्या कायद्यानुसार, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी असायलाच हवी त्या अंतर्गत समितीकडे. प्रश्नावली तक्रारपेटी नाही.

भूमिकेचे पाच प्रश्न शांत काळात बहुतेक ठिकाणी चांगले निघतात, म्हणून लोक ते वाचतच नाहीत. फेररचनेनंतर वाचा. विशेषतः तेरावा आणि सतरावा, म्हणजे विभागाचं उद्दिष्ट मला माहीत आहे का आणि माझं काम संस्थेच्या एकंदर उद्दिष्टात कुठे बसतं. पहिला आणि चौथा (माझ्याकडून काय अपेक्षा आहे, काम कसं करायचं) चांगले असताना हे दोन पडलेले दिसले, तर लोकांना काम येतं पण ते कशासाठी चाललंय ते उमगत नाही, असा अर्थ. त्यावर ट्रेनिंग लावणं म्हणजे भूक लागलेल्याला पाणी पाजणं.

भरून घेताना

चुकांची खरी खाण इथे आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या टीममध्ये प्रश्नावली वाटू नका. आठजणांत गुप्तता राहत नाही, आणि ती राहत नाही हे आठही जणांना ठाऊक असतं. मग सगळे ‘कधीकधी’वर खूण करतात. दहा ते वीसच्या टीममध्ये वय, स्त्री-पुरुष, अनुभवाची वर्षं, ठिकाण यांपैकी काहीही विचारू नका. ‘महिला, पाच ते आठ वर्षं, खराडी’ एवढ्यावर बहुतेक टीममध्ये एकच व्यक्ती उरते.

गूगल फॉर्म वापरणार असाल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद आहे ना, ते पाठवण्याआधी दुसऱ्याच खात्यातून उघडून बघा. ‘एकदाच उत्तर’ ही मर्यादाही टाकू नका. त्यासाठी लॉगिन करावं लागतं आणि लॉगिन दिसलं की विश्वास संपतो. याहून बारीक फट म्हणजे उत्तरांच्या शीटमधला वेळेचा शिक्का. दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी कोण जागेवर होतं ते शेजारच्याला माहीत असतं. शीट ज्याच्याकडे जाईल त्याने आधी तो कॉलम काढावा, ओळी उलटसुलट कराव्यात, मगच पुढे द्यावं. तो ‘ज्याच्याकडे’ टीम लीड नसावा. दुसऱ्या विभागातला माणूस किंवा एचआर असावा. शॉप फ्लोअरवर, वॉर्डात, शाळेत कागदच बरा: छापील पानं, एकाच रंगाचे पेन, आणि बंद पेटी जी शिफ्ट संपल्यावर सगळ्यांसमोर उघडली जाते. पेनाचा रंग ही क्षुल्लक गोष्ट वाटते. हिरव्या शाईने लिहिणारा टीममध्ये एकच असेल तर वाटणार नाही.

प्रश्नावली मुळात इंग्रजीत आहे. इंग्रजीत रोज काम करणाऱ्यांना तशीच द्या. बाकी ठिकाणी मराठी करावी लागेल, आणि ती शब्दाला शब्द केली तर बिघडते. ‘लाइन मॅनेजर’ला ‘व्यवस्थापक’ म्हणाल तर कारखान्यातला माणूस जनरल मॅनेजर समजेल. ‘मला रोजचं काम सांगणारे साहेब किंवा मॅडम’ असं लिहा. अठराव्या प्रश्नात जास्त तास काम करण्यासाठी दबाव येतो का असं विचारलं आहे. त्याचं ‘उशिरापर्यंत थांबावं लागतं का’ केलं की दबाव गळून पडतो आणि ट्रॅफिक टाळायला थांबणाराही ‘हो’ म्हणतो. एकविसाव्यासाठी ‘छळ’ हा शब्द फार जड. ‘धाकदपटशा’ किंवा ‘दादागिरी’ नेमका बसतो. ‘मी करतो/करते’ अशी तिरकी रेघ पस्तीस वेळा मारण्यापेक्षा ‘मला ठरवता येतं’, ‘मला मदत मिळते’ अशी वाक्यं करा. व्याकरणाचं लिंगही टळतं आणि वाचायलाही सोपं जातं. उत्तरांसाठी ‘कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी’ हा क्रम लोकांना कळतो. ‘क्वचित’ऐवजी ‘फारसं नाही’ घातलं की ते ‘कधीकधी’च्या कुठल्या बाजूला यावर दोन मतं होतात. तयार झाल्यावर तिघांना वाचायला देऊन ‘यात काय विचारलंय?’ एवढंच विचारा. उत्तर विचारू नका.

गुण काढताना

एक ते पाच गुण, जास्त म्हणजे चांगलं. पण मागण्यांचे आठही प्रश्न आणि नातेसंबंधांचे चारही प्रश्न उलटे आहेत: तिथे ‘नेहमी’ (३४व्यात ‘पूर्ण सहमत’) म्हणजे वाईट. त्या बारा उत्तरांना ६ मधून वजा करायचं. समजा एकाने मागण्यांच्या आठ प्रश्नांना ४, ४, ५, ३, ४, ४, ३, ४ अशी उत्तरं दिली. बेरीज ३१. उलटवल्यावर २, २, १, ३, २, २, ३, २, म्हणजे १७. भागिले ८ की २.१. हा माणूस बुडतोय. उलटवायचं विसरलात तर ३१ भागिले ८ म्हणजे ३.९, आणि तोच माणूस मजेत असल्यासारखा दिसतो. एचएसईची एक्सेल शीट हे आपोआप करते, पण गूगल शीटमध्ये स्वतः सूत्र लिहिणारे नेमके इथे घसरतात. निकालात मागण्यांचा आकडा सगळ्यात चांगला आला तर खूश होण्याआधी सूत्र तपासा.

त्या एक्सेल शीटमध्ये निकालाला चार रंग मिळतात. शंभरात ८० च्या वर असाल तर हिरवा, ५० ते ८० निळा, २० ते ५० पिवळा, २० च्या खाली लाल. हे शंभर म्हणजे ब्रिटनमधल्या संस्था, आणि आकडा म्हणजे त्यांतल्या किती तुमच्या मागे आहेत ते. पुण्यातल्या सपोर्ट टीमला, जिची शिफ्ट अमेरिकेच्या घड्याळावर चालते, मुभेत लाल रंग मिळाला तर त्यातून नवीन काही कळत नाही. रंग बाजूला ठेवा. आपल्याच सात आकड्यांपैकी सर्वांत खालचे दोन घ्या आणि त्या दोन विषयांतले प्रश्न एकेक करून बघा.

सरासरीवरही अडून बसू नका. बाराजणांपैकी सहांनी ५ आणि सहांनी १ दिला तर सरासरी ३ येते, जशी सगळ्यांनी ‘कधीकधी’ म्हटल्यावर येते. पहिल्या प्रकारात टीमचे दोन तुकडे पडलेत: जुने-नवे, दिवसपाळी-रात्रपाळी, किंवा मूळ टीम आणि विलीनीकरणातून आलेले. त्यामुळे प्रत्येक प्रश्नासाठी १, २, ३, ४, ५ किती जणांनी दिले हे मोजून लिहा. छोट्या टीमचे आकडे किती सहज हलतात हेही लक्षात असू द्या. बदलाचे तीन प्रश्न गुणिले बाराजण म्हणजे ३६ उत्तरं. दोघांनी तिन्ही प्रश्नांना एकेक गुण कमी दिला की सरासरी ०.१७ ने उतरते. ३.१ चे २.९ झाले म्हणून स्लाइड बनवू नका.

यापुढचं काम बैठकीचं. सहा ते दहाजण, तासभर ते दीड तास, चालवणारा बाहेरचा. प्रश्न एवढाच: हा आकडा कमी आहे, रोजच्या कामात तो कुठे दिसतो? एकदम उपायांवर उडी मारू द्यायची नाही. शेवटी एका पानावर जास्तीत जास्त तीन गोष्टी, प्रत्येकीपुढे नाव आणि तारीख. सतरा मुद्द्यांची यादी केली की ती फोल्डरमध्येच निवृत्त होते. आणि तीनपैकी एक अशी हवी जी पंधरा दिवसांत लोकांच्या डोळ्यांना दिसेल. नाहीतर पुढच्या वेळी पेटी रिकामी येते.

टीम दहाच्या आत असेल तर ‘टॉकिंग टूलकिट’. सहा विषयांचे सहा संवाद, प्रत्येकात विचारायचे प्रश्न आणि काय ठरलं ते लिहायला जागा. सहाही एका बैठकीत उरकू नका. आठवड्याला एक पुरे. पहिल्याच आठवड्यात ‘नातेसंबंध’ काढू नका, मागण्यांपासून सुरू करा. कामाच्या बोज्याबद्दल बोलायला कुणाला लाज वाटत नाही. हा संच प्रश्नावलीपेक्षा कमी देखणा आहे, आकडे देत नाही, वरिष्ठांना दाखवायला आलेखही नाही. लहान टीमसाठी तरीही तोच सरस.

जिथे ती तोकडी पडते

बदलाबद्दल तीन प्रश्न आहेत. बदलाविषयी मॅनेजरना प्रश्न विचारायला पुरेशी संधी मिळते का (२६), बदल करताना कर्मचाऱ्यांशी सल्लामसलत होते का (२८), आणि बदल प्रत्यक्षात कसा अमलात येईल ते मला स्पष्ट असतं का (३२). तिन्ही चांगले आहेत. पण तिन्हींत बदल ठरलेला आहे असं गृहीत धरलंय. अनिश्चिततेत बदल ठरलेलाच नसतो. तो कॉरिडॉरमध्ये, चहाच्या टपरीवर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तरंगत असतो. आणि पस्तीसच्या पस्तीस प्रश्नांत नोकरी जाण्याची भीती एकदाही विचारलेली नाही. डेन्मार्कमध्ये तयार झालेल्या कोपनहेगन प्रश्नावलीत, तिच्या तिसऱ्या आवृत्तीतसुद्धा, नोकरीच्या अनिश्चिततेला स्वतंत्र जागा आहे. ती मात्र बरीच मोठी आहे आणि टीम लीडने एकट्याने पेलण्यासारखी नाही.

फट बुजवायची तर ३५ प्रश्नांच्या शेवटी, वेगळ्या शीर्षकाखाली, दोन-तीन प्रश्न स्वतःचे घाला. ते पस्तीसच्या बेरजेत धरू नका. उदाहरणार्थ: ‘पुढच्या तीन महिन्यांत माझं काम काय असेल याचा मला अंदाज आहे’, ‘कंपनीतल्या घडामोडी मला अफवेच्या आधी कळतात’, ‘नोकरीच्या काळजीमुळे कामात लक्ष लागत नाही’. तिसरा उलटा आहे, गुण काढताना लक्षात ठेवा. यातला दुसरा प्रश्न टीम लीडसाठी सगळ्यात कामाचा, कारण त्याचा आकडा तो स्वतः सुधारू शकतो.

कसा, तर दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, चार ओळींचा निरोप. पक्कं काय आहे. अजून ठरलेलं नाही ते काय. मी वर काय विचारलंय आणि कुणाला. पुढची खबर कधी. सांगण्यासारखं काहीच नसेल तरी निरोप जायलाच हवा: ‘या आठवड्यात नवीन काही नाही, विचारलेल्या दोन प्रश्नांना उत्तर आलेलं नाही, पुढचा निरोप गुरुवारी साडेचारला.’ गुरुवार चुकला की सगळं मुसळ केरात, कारण तुमच्या गप्प बसण्याचा लोक अर्थ लावतात आणि तो अर्थ नेहमी वाईटच निघतो. ‘कुणाची नोकरी जाणार नाही’ असं कधीही लिहू नका, वरून तोंडी तसं सांगितलं असलं तरी. ‘आत्ता माझ्याकडे कोणतीही यादी नाही, आली तर मला सांगायची परवानगी असेल ते त्याच दिवशी सांगेन’ हे वाक्य कमी गोड आहे, पण ते मागे घ्यावं लागत नाही. गोपनीयतेमुळे सांगता येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ असं खोटं बोलू नका. ‘यावर मला बोलता येणार नाही’ म्हणा. लोकांना दोन्हींतला फरक कळतो आणि नंतर आठवतोही.

प्रश्नावली केव्हा वाटू नये, यावरही एचएसईच्या कागदांतून आपल्या परिस्थितीचं उत्तर मिळत नाही. कपातीची यादी वर पक्की झाली असेल आणि तुम्हाला ते कळलं असेल तर नको. उत्तरं गोळा करून दोन आठवड्यांनी चौघांना निरोप गेला की उरलेले आठ त्या प्रश्नावलीकडेच बोट दाखवतील. कपात होऊन गेल्यावर लगेच वाटणंही वरातीमागून घोडं. सहा-आठ आठवडे जाऊ द्यावेत, तोवर आठवड्याचा निरोप आणि संवादाचे कागद पुरतात. अप्रेझलची पत्रं हातात पडण्याच्या आगेमागे दोन आठवडे नको, कारण तेव्हा सगळी उत्तरं पगारवाढीबद्दल असतात. गणपती-दिवाळीत निम्मी टीम गावी असते, तेव्हाही नको.

आणखी एक मर्यादा, जी उत्पादनाचा दोष नाही पण वापरणारे विसरतात. ही प्रश्नावली टीमबद्दल सांगते, व्यक्तीबद्दल नाही. कुणाला नैराश्य आहे का हे ती सांगत नाही आणि सांगायचा आवही आणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे. टीममधलं कुणी खरंच खचलेलं दिसलं तर त्याच्यापुढे ३५ प्रश्न ठेवायचे नसतात. बाजूला बसून ‘दोन आठवड्यांत तुझ्याकडचं कोणतं काम काढून घेऊ?’ असं विचारायचं आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यायचा. भारत सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. कंपनीचा समुपदेशन कार्यक्रम असेल तर तोही सांगा, पण दोन्ही सांगा. कंपनीने ठेवलेल्या समुपदेशकाकडे जायला अनेकजण कचरतात, विशेषतः कपातीच्या दिवसांत.

बाजारात याच कामासाठी पैसे घेऊन मिळणारे ‘पल्स सर्व्हे’ आहेत, दर आठवड्याला पाच इमोजी दाखवणारे. त्यांचे आलेख सुंदर असतात. पण इमोजी उतरला तर का उतरला हे कळत नाही. त्यासाठी पुन्हा प्रश्न विचारावे लागतात, जे इथे आधीपासून आहेत. गॅलप या अमेरिकी सर्वेक्षण कंपनीची १२ प्रश्नांची प्रसिद्ध प्रश्नावली लोक कामात किती गुंतलेले आहेत ते बघते. तो प्रश्न वेगळा, आणि जीव मुठीत धरून बसलेल्या टीमला तो या घडीला विचारण्यात काही हशील नाही.

बाराजणांच्या टीमसाठी खर्चाचा हिशोब: भरायला प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे एकूण दोन तास. मोजणी करणाऱ्याचे दोन तास. सहासहा जणांच्या दोन बैठका, दीड-दीड तासाच्या, म्हणजे माणसागणिक दीड तास, एकूण अठरा. एक पान लिहायला अर्धा तास. बेरीज साडेबावीस तास, म्हणजे एका माणसाचे तीन दिवसही नाहीत. पूर्ण ३५ प्रश्न पुन्हा वाटायचे ते वर्षाने, फार तर सहा महिन्यांनी. बदलाचे तीन आणि आपले दोन-तीन एवढेच मात्र दर महिन्याला चालतील, कागदाच्या अर्ध्या चिठ्ठीवर, पेटीत.